ओल धरून ठेवणारं गाव

कोरडवाहू शेती करणाऱ्या माणसाला एकच प्रश्न जन्मभर पुरतो. पडलेला पाऊस जमिनीत राहील कसा? कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात इंडियन हेड नावाचं एक गाव आहे, त्याने हा प्रश्न जवळजवळ एकशेचाळीस वर्षं लावून धरला आहे. त्याची उत्तरं शोधली, साऱ्या प्रेअरीला, म्हणजे पश्चिम कॅनडाच्या सपाट गवताळ मुलखाला, शिकवली आणि पुढे त्यातलंच एक उत्तर स्वतःच मोडीत काढलं. मी औसा तालुक्यातल्या कोरडवाहू घरातला, पोटापाण्यासाठी या प्रांताच्या राजधानीला, रिजायनाला, आलेला. या गावाबद्दल मला जे वाटतं ते इथल्या कुठल्याही मोठ्या शहराबद्दल वाटत नाही.

रिजायनाहून ट्रान्स-कॅनडा हायवेने पूर्वेला निघालं की साधारण 70 किलोमीटरवर हे गाव लागतं. वस्ती दोन हजारांच्या आत. हायवेलगत एक भलामोठा पुतळा आहे, नुसत्या मस्तकाचा, पिसांचा शिरपेच घातलेल्या मूळ रहिवासी पुरुषाचा. गाडीतून लोक त्याचा फोटो काढतात आणि पुढे विनिपेगकडे निघून जातात. गावात वळलं तर रेल्वेचे रूळ, रुळाला लागून ग्रँड अव्हेन्यू, दगडाविटांच्या शंभर वर्षं जुन्या इमारती, मोठी झाडं आणि शांत, रुंद रस्ते. प्रेअरीवर झाड आपोआप उगवत नाही. इथल्या प्रत्येक झाडामागे लावणारा माणूस असतो आणि या गावात तर झाडांचा वेगळाच इतिहास आहे. त्याकडे येतोच.

आधी माती. इंडियन हेडच्या आसपासची जमीन एका प्राचीन सरोवराचा तळ आहे. हिमयुगाचा बर्फ वितळून साचलेल्या पाण्याखाली बसलेला बारीक गाळ. त्यामुळे जमीन सपाट, दगडगोटे कमी आणि माती भारी चिकण. जमीन मोजणाऱ्यांच्या नकाशावर या मातीचं नावच इंडियन हेड चिकणमाती असं आहे. शेतकरी तिला गंबो म्हणतात. पाऊस पडला की बुटाला पायलीभर चिकटते, उन्हात वाळली की तिला भेगा पडतात.

अण्णा, म्हणजे माझे वडील, उन्हाळ्यात आले होते तेव्हा त्यांना मुद्दाम इकडे घेऊन आलो. रस्त्याकडेच्या शेताच्या कडेला ते उकिडवे बसले, एक ढेकूळ उचललं, अंगठ्याने फोडायला गेले. फुटेना. मग त्याच्यावर बाटलीतलं थोडं पाणी टाकलं, मळलं, बोटांमध्ये धरून त्याची वळी केली. ती तुटली नाही.

"अरे, ही तर आपलीच काळी," ते म्हणाले. "पाऊस किती इकडं?"

"वर्षाला चारशे-साडेचारशे मिलिमीटर. त्यातला काही बर्फ."

"मग पेरतात कधी?"

"मेमध्ये. एकच पीक. सप्टेंबरात थंडी पडायच्या आत घरात आणायचं."

ते बराच वेळ गप्प राहिले. "आपल्याकडं रब्बीला पावसाळाभर रान मोकळं ठेवून कुळवायचं आणि मुरलेल्या ओलीवर ज्वारी काढायची. ह्यांनी काय केलं?"

ह्यांनी वर्षभर रान मोकळं ठेवलं. आणि ही गोष्ट त्यांना एका लढाईमुळे कळली.

कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ इथे 1882 मध्ये आले. त्याच वर्षी मेजर विल्यम बेल नावाच्या गृहस्थाने क्वापेल व्हॅली फार्मिंग कंपनी काढली आणि इंडियन हेडभोवती पन्नास हजार एकरांहून जास्त जमिनीवर एकच प्रचंड शेत मांडलं. दगडी गोल तबेला बांधला, मधोमध मनोरा. घोड्यांच्या जोड्या, नांगर, मजूर, सगळं पलटणीसारखं. 1885 मध्ये उत्तरेला लुई रिएलच्या नेतृत्वाखाली मेतींनी, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या लोकांनी, उठाव केला, तेव्हा सरकारी फौजेच्या सामानाची वाहतूक करायला बेलच्या शेतावरचे घोडे, गाड्या आणि माणसं भाड्याने गेली. पैसे चांगले मिळत होते. त्या हंगामात बरीच नांगरलेली जमीन पेरायची राहून गेली. पुढचं साल, 1886, कोरडं गेलं. आसपासची पिकं करपली आणि आदल्या वर्षी पड राहिलेल्या रानात मात्र गहू उभा राहिला.

हे अँगस मॅके या शेतकऱ्याच्या नजरेत भरलं. निसर्ग असे प्रयोग जागोजागी करत असतो, पण तो प्रयोग आहे हे ओळखणारा माणूस त्या बांधावर त्या वेळी उभा असावा लागतो. कॅनडाच्या संसदेने 1886 मध्ये कायदा करून देशात पाच प्रायोगिक शेतं स्थापायचं ठरवलं, त्यातलं एक इंडियन हेडला आलं आणि त्याचा पहिला अधीक्षक म्हणून मॅकेचीच नेमणूक झाली. त्याने पडीच्या पद्धतीला शिस्त दिली. एक वर्ष पेरायचं नाही, उन्हाळाभर मशागत करून तण वर येऊ द्यायचं नाही, म्हणजे पाणी पिणारं कुणी राहत नाही आणि दोन वर्षांच्या पावसावर एक पीक निघतं. समरफॅलो हे तिचं नाव. पुढची शंभर वर्षं प्रेअरीवरचा शेतकरी तिला धर्मासारखा पाळत आला. जमिनीचा तिसरा हिस्सा, कुठे अर्धा, दर वर्षी काळाभोर मोकळा. सोलापूरच्या कोरडवाहू केंद्राचं काम 1933 मध्ये सुरू झालं, तेव्हा इथे हे ज्ञान दुसऱ्या पिढीच्या हातात गेलेलं होतं.

पाण्याचा प्रश्न असा सुटला, थंडीचा उरला. त्या काळचा गहू म्हणजे रेड फाइफ. पावाला उत्तम, पण पिकायला वेळ लावणारा. ऑगस्टच्या शेवटी एखादी रात्र गोठली की दाणा आकसून जायचा. लवकर पिकणाऱ्या जाती जगभरातून मागवल्या गेल्या, त्यात भारतातून आलेला हार्ड रेड कलकत्ता होता. उतारा कमी, पण पिकायला घाई. 1892 मध्ये प्रायोगिक शेतांचे संचालक विल्यम साँडर्स यांच्या मुलाने या भारतीय गव्हाच्या फुलावर रेड फाइफचा पराग घातला. त्या संकराची पिढी बरीच वर्षं तशीच पडून होती. 1903 च्या सुमारास दुसरा मुलगा, चार्ल्स साँडर्स, ओटाव्यात एकेका ओंबीची निवड करायला बसला. ओंबीतले दाणे तो दाताने चावून बघायचा. चावून चावून तोंडात चिकट, लवचिक गोळा राहिला तर त्या गव्हाचा पाव फुगणार. अशा निवडीतून मार्क्विस निघाला. त्याची प्रेअरीवरची चाचणी 1907 मध्ये इंडियन हेडला झाली. रेड फाइफच्या आठवडाभर आधी पिकला आणि दाणा तसाच कसदार. 1920 पर्यंत पश्चिम कॅनडातल्या गव्हापैकी सुमारे नव्वद टक्के गहू मार्क्विस होता. ज्याला जगाचं धान्याचं कोठार म्हणतात, त्या सस्कॅचेवानच्या गव्हाची आई आपल्याकडची. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत हे मी भेटेल त्याला सांगतो.

गहू झाला, आता तो विकायचा कसा? इथे या गावाने दुसरं मोठं काम केलं, माझ्या मते शेतीच्या शोधाइतकंच मोठं. त्या काळी रुळांच्या कडेला लाकडी एलिव्हेटर, म्हणजे धान्याची उंच कोठारं, उभे असत. शेतकरी घोडागाडीतून गहू आणणार, खालच्या खड्ड्यात ओतणार, पट्ट्यावरच्या बादल्या तो वर नेऊन कप्प्यांत टाकणार, तिथून रेल्वेच्या डब्यात. घोड्याला एका दिवसात जाऊन येता यावं म्हणून दर दहा-पंधरा किलोमीटरवर असं ठाणं असे. 1930 च्या दशकात तिन्ही प्रेअरी प्रांतांत मिळून साडेपाच हजारांवर एलिव्हेटर होते. पण वजन एलिव्हेटरवाल्याचं, प्रत ठरवणार तो, तूट कापणार तो. आपला गहू थेट डब्यात भरायचा म्हटलं तर रेल्वे डबा देईना. आपल्याकडच्या अडत बाजाराची ज्याला माहिती आहे, त्याला यापुढचं सांगायला नको.

डिसेंबर 1901 मध्ये शेतकरी इंडियन हेडला जमले आणि टेरिटोरियल ग्रेन ग्रोअर्स असोसिएशन स्थापन झाली. जवळच्या ॲबर्नेथीचा शेतकरी विल्यम मदरवेल तिचा पहिला अध्यक्ष. पुढच्याच वर्षी या संघटनेने शेजारच्या सिंटालूटा स्टेशनच्या रेल्वे एजंटला कोर्टात खेचलं. कायदा सांगत होता की मागणीच्या नंबराप्रमाणे डबे द्यायचे, एजंट ते देत नव्हता. शेतकरी जिंकले. देशातल्या सगळ्यात बलाढ्य कंपनीविरुद्ध, थंडीने कडकडलेल्या एका स्टेशनच्या फलाटावरून. सिंटालूटाच्याच एडवर्ड पार्ट्रिजने पुढे 1906 मध्ये शेतकऱ्यांच्या मालकीची धान्य कंपनी उभी करण्यात पुढाकार घेतला. प्रेअरीवरची सहकाराची परंपरा या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यातून वाढली. वारणा आणि प्रवरानगर ज्याने पाहिलं आहे, त्याला इथे परकं वाटत नाही.

आता जे गावाच्या कौतुकात सहसा येत नाही, ते. ही जमीन रिकामी नव्हती. 1874 मध्ये इथून जवळच फोर्ट क्वापेलला सरकारचा मूळ रहिवाशांशी चौथा करार झाला आणि क्री, सोतो, नाकोडा यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलखावर ब्रिटनच्या राणीचा हक्क लिहिला गेला. नाकोडांचा एक मोठा गट पश्चिमेला सायप्रेस हिल्समध्ये राहत होता. 1879 पर्यंत ज्यांच्या शिकारीवर पोट चालायचं ते बायसन, म्हणजे इथले गवे, संपले, लोक उपाशी राहू लागले. सरकारने तोच मोका साधला. शिधा आवळून त्यांना त्या डोंगरांतून बाहेर काढलं आणि शेकडो किलोमीटर पूर्वेला इंडियन हेडच्या बाजूला आणलं. भूक आणि आजार यांनी माणसं मेली, काही परत निघून गेली, पुन्हा आणली गेली. आज गावाच्या दक्षिणपूर्वेला कॅरी द केटल नाकोडा नेशनची राखीव वसाहत आहे ती यांची.

मॅके आपल्या प्रयोगांच्या नोंदी करत होता त्याच वर्षांत हेटर रीड या अधिकाऱ्याने मूळ रहिवाशांच्या शेतीवर एक धोरण लादलं. त्यांनी यंत्रं वापरायची नाहीत. विळ्याने कापायचं, हाताने पेरायचं, घरच्या पोटापुरतं पिकवायचं. माल विकायला परवाना, वसाहतीबाहेर जायला पास. म्हणजे एका कुंपणाच्या आत शेतकऱ्याला नवं ज्ञान, बियाणं, भाषणं, आणि कुंपणापलीकडे, त्याच मातीत, शेतकऱ्याच्या हातातून कापणीचं यंत्र काढून घेणं. आणि वर पुन्हा म्हणायचं की यांना शेती जमत नाही. त्यांची मुलं घरापासून तोडून, स्वतःची भाषा आणि रीत विसरायला लावणाऱ्या लेब्रेटच्या निवासी शाळेत नेली गेली. ती शाळा 1884 ला सुरू झाली आणि 1998 मध्ये बंद. 1998! मी तेव्हा शाळेत होतो. इंडियन हेडच्या शेतकऱ्यांच्या लढ्याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण डब्यांच्या नंबरासाठी कोर्टात गेलेल्या त्या माणसांपैकी कुणी शेजाऱ्याच्या या अन्यायासाठी उभं राहिलं असतं तर तो आदर कितीतरी मोठा झाला असता.

पडीच्या पद्धतीचा दोष 1930 च्या दशकात उघडा पडला. सलग कोरडी सालं आली. वर्षानुवर्षं भुसभुशीत केलेली मोकळी माती वाऱ्याने उचलली. दिवसा दिवे लावावे लागत, कुंपणं मातीखाली गाडली जात. जी मशागत ओल धरून ठेवायची तिनेच माती मोकळी केली होती. मातीतला सेंद्रिय अंश जळत गेला, काही ठिकाणी खार वर आला.

वाऱ्याला उत्तर म्हणून गावाकडे झाडं होती. इथे 1901 पासून सरकारी रोपवाटिका चालत होती. नॉर्मन रॉस या वनतज्ज्ञाने ती वाढवली. सायबेरियातून आलेलं कॅरागाना नावाचं काटक झुडूप, मॅनिटोबा मेपल, ॲश, स्प्रूस अशी रोपं लाखांच्या संख्येने बांधून रेल्वेने शेतकऱ्यांना जायची, रोपांचे पैसे घ्यायचे नाहीत. घराभोवती, शेताच्या कडेला ओळीने लावायची. वारा अडतो, हिवाळ्यात बर्फ तिथे साचतो आणि वसंतात वितळून मुरतो. शंभरहून जास्त वर्षांत इथून 60 कोटींच्या वर झाडं गेली. प्रेअरीवर विमानातून खाली पाहिलं की चौकोनी हिरव्या कुंपणातली घरं दिसतात. त्यातली फार मोठी संख्या या एका गावच्या वाफ्यांतून आलेली आहे.

तरी पड सुटली नव्हती. 1970 च्या दशकातही सस्कॅचेवानमध्ये दर वर्षी दीड कोटी एकरांहून जास्त जमीन मोकळी राहायची. ती सवय मोडण्यात याच गावच्या एका शेतकऱ्याचा मोठा वाटा आहे, आणि इथे मी थक्क होतो. जिम हॅलफर्ड त्यांचं नाव. 1980 च्या दशकात त्यांनी आपल्या शेतावर बिननांगरटीच्या पेरणीचं यंत्र तयार केलं, कॉन्झर्वा पॅक. आपल्या पाभरीचं तत्त्व तेच, फार पुढे नेलेलं. अरुंद दात धसकटांमधून जमिनीला नुसती चीर पाडतो, खत खोल एका बाजूला पडतं, बी त्याच्या वर वेगळं पडतं आणि मागचं चाक माती दाबून ओल बंद करतं. बाकी रानाला हात लावायचा नाही. मागच्या पिकाची धसकटं उभीच राहतात, हिवाळ्यात ती बर्फ पकडतात आणि उन्हाळ्यात सावली धरतात. मोकळं ठेवून जी ओल मिळवायची, ती झाकून ठेवून मिळू लागली. इथल्या संशोधन केंद्राने वर्षानुवर्षं आकडे जमवून हे खरं असल्याचं दाखवलं. 2007 मध्ये जॉन डिअर या शेतीयंत्रांच्या बड्या कंपनीने त्या यंत्राचा धंदा विकत घेतला. पड आता फार थोड्या रानात दिसते.

पण दर वर्षी गहू घेऊन जमीन टिकत नाही, तिला बेवड लागतो. तो डाळींनी दिला. सस्कॅचेवान विद्यापीठातल्या आल स्लिंकार्ड यांनी 1970 च्या दशकापासून इथल्या हवेत येणारे मसुराचे वाण काढले. पडीच्या वर्षी जमिनीत गाडायच्या हिरवळीच्या खतासाठी एक बारीक काळा मसूरही निघाला. त्याचं नाव इंडियनहेड. गाडण्यासाठी काढलेला तो मसूर लोक शिजवूनही खाऊ लागले, आणि आता बेलुगा या नावाने तो महागड्या दुकानांत मिळतो. मी त्याची आमटी करतो. साल जाड, शिजायला बेताचा, गोडा मसाला छान धरतो.

मसुराचं रोप टीचभर. शेंगा जमिनीलगत, म्हणून पेरणीनंतर रानावर जड रोलर फिरवून दगड आत दाबावे लागतात, नाहीतर कापणीला यंत्राची पाती तुटतात. हाच मसूर बोटीने मुंबईच्या बंदरात उतरतो आणि कराड-इस्लामपूरच्या ढाब्यावर अख्खा मसूर होऊन ताटात येतो, त्यात सस्कॅचेवानचा वाटा किती हे तिथे बसलेल्याला सांगता येणार नाही. 2017 च्या अखेरीस भारताने वाटाण्यावर 50 आणि मसूर-हरभऱ्यावर 30 टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा इथले शेतकरी हवालदिल झाले. त्याच साली आपल्याकडे तूर हमीभावाखाली गेलेली. दोन्हीकडचं दुःख मला कळत होतं आणि मी दोन्हीपैकी कुणालाही चूक म्हणू शकलो नाही. लातूरच्या आडतीवरचा माणूस आणि इंडियन हेडचा माणूस एकाच भावाकडे डोळे लावून बसलेले असतात. एकाचं भलं झालं की दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो. हे कुणी तरी दोघांना समोरासमोर बसवून बोलायला हवं असं मला फार वाटतं.

गाव आज शेतकऱ्यांचं आणि रिजायनाला कामाला जाऊन येणाऱ्यांचं आहे. गहू वाहण्याचे स्वस्त रेल्वे दर 1995 मध्ये गेले, छोटे एलिव्हेटर पाडले गेले, त्यांच्या जागी हायवेलगत काँक्रीटची अजस्र कोठारं आली. बेलचा गोल तबेला मोडकळीला आला होता. गावकऱ्यांनी दगड गोळा करून ठेवले आणि वर्गणी काढून तो त्याच दगडांतून पुन्हा उभा केला. आत उभं राहून वर बघितलं की लोकांनी काय केलं आहे ते लक्षात येतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला याच गावाने फ्लोरिडाहून कृष्णवर्णीय बेसबॉलपटूंचा अख्खा संघ आणून इंडियन हेड रॉकेट्स या नावाने खेळवला होता. दोन हजारांच्या गावाला असलं धाडस सुचतं, हे मला आवडतं.

झाडांचं मात्र वाईट झालं. रोपवाटिका 2013 मध्ये केंद्र सरकारने बंद केली. खर्च वाचला म्हणे. त्याच काळात शेतं मोठी झाली, पेरणीयंत्रं साठ-ऐंशी फूट रुंद झाली, त्यांना वळायला जागा पाहिजे म्हणून आजोबांनी हाताने लावलेल्या कॅरागानाच्या रांगा बुलडोझरने उपटल्या जातात. धसकटं माती धरतात, मग झाडं कशाला, असा त्यांचा हिशोब. मला तो पटत नाही. मसुराच्या रानात कापणीनंतर धसकट म्हणावं असं काही उरतच नाही, आणि 1930 सारखी सालं पुन्हा येणार नाहीत असं कुणीही लिहून दिलेलं नाही. पन्नास वर्षांत वाढलेली रांग अर्ध्या दिवसात जाते. रोपवाटिका चालू ठेवायला हवी होती. पडीचा नाद सोडायला या गावाला शंभर वर्षं लागली, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी आकडे घेऊन, हट्टाने, उलट बोलत राहिला म्हणून ते झालं. झाडांच्या बाजूने तसं बोलणारे काही जण अजून आहेत. जुलैमध्ये इथे दिवसभराचा पीक पाहणीचा कार्यक्रम असतो, ट्रॅक्टरमागच्या गाडीत बसवून वाफ्यावाफ्यापुढे नेतात, कुणीही जावं. तिथे त्यांना विचारा.